मोहिनीचं दान

तांपेरेत फेब्रुवारीतल्या गुरुवारी
इमारतीच्या तळघरात, सौनाला लागून असलेल्या खोलीत
आम्ही एक राज्य मांडतो:
लोकरी मोजे, थर्मास, फासे,
आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी,
त्या राज्याचा देव म्हणा, कारकून म्हणा.

त्या आठवड्यात दलदलीत एक मोहिनी बसवली होती,
तीन रात्री खपून.
केस कसे ओले, आवाज कसा, पाण्यावर वाफ कशी.
इल्मोचा सरदार वर्णन संपायच्या आतच पाघळला,
चिलखताची घडी घालून काठावर ठेवली
(चिलखताची घडी होत नाही, राकेल म्हणाली)
आणि शिरला गुडघाभर पाण्यात.

मग विएनोची पाळी.
तिची तोर्वा नकाशे काढते, एक कान तुटका.
कागदावर डोळ्यांचा रंग लिहितात त्या ओळीत
पेन्सिलीने: करडे. अलैंगिक.
दोन वर्षं मी ते वाचत होतो,
औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं तसं.

"तुला दानावर पाच जास्त," मी उदार झालो,
"तुझ्यावर कुठली चालायला भुरळ!"
विएनोने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.
"पाच कशाचे?
मी काही थोपवून धरत नाहीये, साम्पा.
तुला वाटतं तिथे दार आहे आणि मी कडी लावून बसलेय.
तिथे भिंत आहे. भिंतीला खुंटी आहे.
खुंटीला माझी टोपी आहे."

इल्मो म्हणाला, तोर्वाला अजून कुणी नीट भेटलाच नसेल...
राकेलने असं बघितलं
की उरलेलं वाक्य त्याने बिस्किटाबरोबर गिळलं.
विएनो हसली. तिला पाठ होतं ते,
शाळेतलं, आत्याकडचं, एकदा तर दवाखान्यातलंसुद्धा.

फासा लोळत गेला, बशीला अडला.
वीस बाजूंतून दोन.
पडलं ते दान.

माझ्या वहीत हरलेल्याला एकच वाट होती
आणि ती पाण्यात जात होती.
पलीकडे कुणी तापल्या दगडांवर पाणी ओतलं,
भिंतीतून चर्रर्र ऐकू आलं.

"मंत्र लागलाय," विएनो म्हणाली,
वाण्याकडची बेरीज पुन्हा करावी तशी,
"म्हणजे तिच्याजवळ बसावंसं वाटतंय मला. खूप.
तोर्वा काठावर बसते. बूट काढत नाही, गारठा आहे.
विचारते, तुझं नाव काय गं?"

मी पान उलटलं.
ओले केस. आवाज. वाफ.
बळ चौदा, प्राण सत्तेचाळीस.
वार केला तर काय, पळालं तर काय.
नाव नव्हतं.
तीन रात्रींत सुचलंच नव्हतं,
लागणार कुणाला होतं?

दारावर सौनाचं वेळापत्रक चिकटवलेलं,
साडेआठ, तिसरा मजला.
"हिल्या," मी म्हणालो.

मग हिल्याला बहीण निघाली, वरच्या ओढ्यात राहणारी.
मग त्या ओढ्यावर कुणी गिरणीवाल्याने बांध घातला.
हे मी बोलत होतो
आणि पुढचं मलाही ठाऊक नव्हतं.
तोर्वाने नकाशा पसरला; दलदलीच्या जागी
आजवर नुसतं कोरं होतं.
ओढा कुठून यायचा, विएनोने विचारलं,
हिल्याने ओल्या बोटाने दाखवलं,
म्हणजे मी दाखवलं, माझ्या कोरड्या बोटाने,
आणि विएनो शिसाने गिरवत गेली.

"मी अजून पाण्यात आहे," इल्मो म्हणाला.
"राहा," राकेल म्हणाली.

नऊला तिसरा मजला टॉवेल घेऊन दारात उभा राहिला.
आम्ही राज्य डब्यात भरलं.
विएनोने खुंटीवरची टोपी काढली, कानांवर ओढली,
बांधाचं पुढच्या गुरुवारी बघू म्हणाली.

घरी पुढची पानं उघडली. एक राणी होती,
नुसत्या ओठांवर दीड पान.
मी समासात आडवं लिहिलं, नाव?
आणि बराच वेळ काहीच सुचेना.

बाराला इल्मोचा मेसेज:
माझा सरदार अजून पाण्यातच?
हो, मी कळवलं. कुडकुडतोय.